आबा छान म्हणतात तेव्हा

रोहा,
ता. २४ जून १९९७

सौ. चंद्रावती अक्कास,
धाकट्या गुणाजीचा सा. न. आणि सरूचा वाकून नमस्कार. वि. वि.

आम्ही तिघंही इकडे ठणठणीत. सरूने कळवायला सांगितलंय की तू पाठवलेले पापड संपले आणि ते मी एकट्याने संपवले. यातली दुसरी गोष्ट खरी धरू नकोस.

पत्राचं कारण असं, की मी स्वतःच्या तोंडाने एक लफडं ओढवून घेतलंय. गेल्या आठवड्यात कंपनीने पुण्याहून एक साहेब आणले होते. विषय, मानसिक ताण. दोन तास बोलले. आमच्या शिफ्टमधल्या निम्म्या लोकांना ते कळलं नाही आणि उरलेले पंख्याखाली झोपले. मी पहिल्या रांगेत, झोपायची सोय नव्हती, म्हणून ऐकत बसलो. शेवटी सेफ्टी ऑफिसरने विचारलं की कुणाला काय समजलं, आणि मी उभा राहून दोन वाक्यं बोललो. झालं. आता चौदा ऑगस्टला सगळ्या कामगारांना हेच आपल्या भाषेत सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. अक्का, मी व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस. माईक आजवर फक्त हळदीत हातात धरलाय, तोही लोकांनी काढून घेतला होता.

साहेब म्हणाले की ताण म्हणजे आजार नव्हे. अंगावर काही आलं की शरीर कंबर कसतं, छाती धडधडते, हाताला घाम येतो, तो ताण. त्याचे प्रकार असतात, त्यांना मी माझी नावं दिलीत. एक पाहुणा ताण. गॅसचा अलार्म वाजला, धावलो, व्हॉल्व्ह बंद केला, चहा प्यायलो, संपलं. दुसरा घरजावई ताण. तो येतो आणि जातच नाही, काही दिवसांनी तो घरात आहे हेही आपण विसरतो, फक्त झोप उडते, पोट बिघडतं, बायकोवर उगाच ओरडणं होतं. आणि एक चांगला ताणही असतो म्हणे, लग्नाच्या आदल्या दिवशीचा, त्याच्यामुळे कामं उरकतात. येतात कुठून, तर कधी बाहेरून, म्हणजे काम, गोंगाट, घाई. कधी घरात काही बदललं म्हणून, मग तो बदल आनंदाचा का असेना. आणि कधी आपल्याच मनातून, लोक काय म्हणतील या भीतीतून. आधी उगम शोधा, मग उपाय, असं ते दहा वेळा म्हणाले. हे मला पटलं. कंपनीत वास आला की आम्हीही आधी गळती कुठे आहे ते बघतो.

साहेबांची सगळी उदाहरणं ऑफिसातली होती. मला घरगुती हवीत, आणि तुझ्या घराइतकी उदाहरणं एका छपराखाली दुसरीकडे मिळणार नाहीत. भावजींना नमस्कार, त्यांच्या आबांना साष्टांग.

लोभ आहेच, त्याच्यासोबत पापडही येऊ देत.
तुझा,
गुणाजी


रामवाडी, पेण,
ता. ३ जुलै १९९७

चि. गुणाजीस अनेक आशीर्वाद, सरू आणि दिपिकाला त्याहून दोन जास्त.

पत्र वाचून इतकी हसले की आमच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींना अंगाचा रंग देणारी धोंडुबाई डबा खाली ठेवून आली आणि काय झालं म्हणून विचारत बसली. तिला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, घरजावई हे नाव चांगलं आहे, फक्त तिच्या जावयासमोर बोलू नये.

उदाहरणं घे. आमचे हे. मुंबईच्या व्यापाऱ्याचा फोन आला नाही की यांच्या पोटात गोळा येतो, आणि फोन आला की त्याहून मोठा येतो. हा बहुतेक पाहुणाच, पण दिवसातून चार वेळा येणारा. दुसरं, पाऊस. बाहेर धो धो, आत रंग वाळत नाही, बल्ब लावून मूर्ती शेकत बसायच्या, आणि नेमकी वीज जाते. हा बाहेरचा. धोंडुबाईचा चांगला ताण आहे, मुलगी बाळंतपणाला यायचीय, बाई सध्या दोन माणसांचं काम करते. आबांना ताण नाही. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, दिवसभर कारखान्यात माझ्या शेजारी पाटावर बसतो आणि मी काढलेल्या प्रत्येक डोळ्याला छान म्हणतो.

आणखी एक उदाहरण आमच्या ओळखीतल्या एका बाईचं देते, नाव विचारू नकोस. ती गणपतीचे डोळे आखते. बारा वर्षं झाली. आधी अर्ध्या मूर्तींचे सासरे काढायचे, अर्ध्यांचे ती. यंदा सासऱ्यांनी ब्रश खाली ठेवला आणि सगळी आखणी हिच्याकडे आली. चैत्रापासून तिचा उजवा हात थरथरतो. भाकरी थापताना नाही, सुईत दोरा ओवताना नाही, फक्त डोळ्याचा ब्रश उचलला की. डॉक्टरांनी तपासलं, रक्त तपासलं, काही सापडलं नाही, टॉनिक दिलं. टॉनिक गोड आहे. चतुर्थीला दोन महिने उरलेत आणि नऊशे देव बिनडोळ्यांचे बसलेत. ती बाई आता म्हणते की यंदाचं कसंबसं उरकायचं आणि मग ब्रश कायमचा सोडून धोंडुबाईसोबत अंगरंगाला बसायचं. हा कुठला प्रकार ते साहेबांच्या वहीत बघून कळव. फोन करू नकोस, शेजारच्यांकडे बोललं की अख्खी रामवाडी ऐकते.

पापड पाठवते. लोभ कमी करायचा विचार नाही.
तुझी,
अक्का


रोहा,
ता. ९ जुलै १९९७

सौ. अक्कास सा. न. वि. वि.

त्या बाईला मी ओळखतो. लहानपणी ती परसात सारवलेल्या जमिनीवर कोळशाने माझं चित्र काढायची आणि कान मुद्दाम सुपाएवढे करायची. तेव्हा तिचा हात जरासुद्धा कापत नसे.

पत्र सरूला दाखवलं. ती म्हणाली आत्ताच्या आत्ता पेणला जा. मी म्हटलं सेकंड शिफ्ट आहे. यावर ती जे बोलली ते लिहीत नाही. पण खरं सांगतो अक्का, मला वाईट वाटलं. चैत्रापासून हात कापतोय आणि तू आषाढात सांगतेस, तेही दुसऱ्या बाईच्या नावाने. माझ्याकडे काय लाजायचं.

मी वही काढून बसलो. हा घरजावई आहे एवढं नक्की, पण कुठून आला ते कळत नाही. काम वाढलं म्हणावं, तर दोन वर्षांपूर्वी आबा तापाने महिनाभर पडले होते तेव्हा तू एकटीनेच सगळी आखणी केली होतीस. मग गळती दुसरीकडे आहे. आमच्याकडे एखादं मशीन अधूनमधून बंद पडायला लागलं की आम्ही नोंद ठेवतो, किती वाजता बंद पडलं, शेजारी काय चाललं होतं, कोण होतं. तू तसंच कर. दहा दिवस कॅलेंडरवर लिही, हात कधी कापला, कधी नाही, आणि त्या वेळी आसपास काय होतं. आणि तोवर ब्रश सोडायची भाषा करायची नाही. हे मी लहान भाऊ म्हणून सांगत नाही, कंपनीने नेमलेला माणूस म्हणून सांगतोय.

माझं म्हणशील तर भाषण पाठ करतोय. दिपिका समोर बसून ऐकते आणि मी अडखळलो की छडी आपटते. शाळेत तिच्या बाई तसंच करतात वाटतं.

धाकट्याचं एवढं ऐक, मग हवा तितका लोभ कर.
तुझा,
गुणाजी


रामवाडी, पेण,
ता. २१ जुलै १९९७

चि. गुणाजीस आशीर्वाद.

कॅलेंडरवर लिहिलं. यांना वाटलं दुधाचा हिशेब आहे. दहा दिवसांनी सगळं एकत्र वाचलं आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की काल पत्र लिहायला बसलेच नाही. आता लिहिते, आणि तू हसू नकोस.

मध्ये तीन दिवस आबा खांब गावाला त्यांच्या बहिणीकडे गेले होते. त्या तीन दिवसांत मी एकेचाळीस मूर्तींचे डोळे काढले आणि हात एकदाही कापला नाही. ते संध्याकाळच्या एस.टी.ने परत आले, दुसऱ्या दिवशी सकाळी पाटावर येऊन बसले, आणि पहिल्याच पापणीला ब्रश डगमगला. उरलेले सगळे दिवस तसंच. ते चहाला उठले की हात थांबतो, येऊन बसले की सुरू. ज्या माणसाने हाताला धरून मला आखणी शिकवली, त्याच्यामुळे माझा हात कापतो.

तू म्हणशील ओरडत असतील. अरे, ओरडायचे तेव्हा बरं होतं. नवी असताना मी डोळा काढला की आबा मूर्ती दाराकडे फिरवायचे, पूजेला बसल्यासारखे समोर बसायचे आणि म्हणायचे, हा देव तुझ्याकडे नाय बघत, वडखळच्या नाक्यावर एस.टी.ची वाट बघतोय, पूस. मी रडायचे आणि पुसायचे. पण आबांनी जाऊ दिलेली मूर्ती बरोबर आहे याची मला खात्री असायची, आणि मी निवांत झोपायचे. आता ते नुसतं छान म्हणतात. चैत्र लागताच वडखळच्या एका घरची मूर्ती छान म्हणून टेम्पोत चढली. मी मूर्तीखालचं गवत नीट करायला वाकले आणि बघते तर एक बुबुळ सोंडेकडे, एक भिंतीकडे. मी काहीतरी निमित्त सांगून मूर्ती उतरवली आणि पुन्हा आखली. तेव्हा मला कळलं की आबांना दिसत नाही. यांनाही ठाऊक होतं. हे म्हणतात बोलू नकोस, म्हातारा खचेल.

म्हणून बोलत नाही. पूर्वी डोळा काढायचं काम माझं, चूक काढायचं त्यांचं. आता दोन्ही माझं, आणि त्यांना दिसतंय असं दाखवायचं हे तिसरं. ते छान म्हणाले की मला धडकी भरते. त्यात भर म्हणजे खांबच्या मंडळाची पाच फुटी मूर्ती. तिचे डोळे एकतीस वर्षं आबांनी काढलेत. यंदाही आपणच काढणार असं ते तिथे सांगून आलेत. काढायचे मला, नाव त्यांचं, आणि मंडळी न्यायला येणार एकतीस ऑगस्टला. त्या मूर्तीवर माझा हात कापला तर आबांचं नाव जाईल, आणि मग मी ब्रशला परत हात लावणार नाही, हे तुला आत्ताच सांगून ठेवते.

उगम सापडला. आता उपाय काय ते तुझ्या वहीत असेल तर सांग. मला काही सुचत नाही.
लोभ आहे, धीर कमी पडतोय.
तुझी,
अक्का


रोहा,
ता. २६ जुलै १९९७

ती. आबांस,
गुणाजीचे शि. सा. न. वि. वि.

पत्र तुमच्या नावावर बघून नवल वाटेल. चष्मा हाताशी नसेल तर अक्काकडून वाचून घ्या, आणि उत्तरही तिलाच सांगा, तिचं अक्षर मला लागतं.

आमच्या कंपनीत मला ताणावर बोलायचंय. यंदा आमच्याकडून चार जण रिटायर होतायत. तीस तीस वर्षं एकाच जागी उभं राहून काम केलेली माणसं. ती आता गेटपाशी येऊन उगाच बसतात आणि कुणी विचारलं तर म्हणतात, मजेत आहे. मला ते खरं वाटत नाही, पण त्यांना विचारायची माझी छाती होत नाही. तुम्ही पन्नास वर्षं धरलेला ब्रश यंदा खाली ठेवलात. माणसाला तेव्हा काय होतं, ते तुम्ही मला सांगाल का? मोठ्यांकडून ऐकलेलं एक तरी खरं उदाहरण माझ्या भाषणात असावं अशी इच्छा आहे. तुमचं नाव घेणार नाही.

धाकट्यावर कृपा असावी, आणि रागावलात तर तेही कळवावं.
आपला,
गुणाजी


रामवाडी, पेण,
ता. ४ ऑगस्ट १९९७

चि. गुणाजीस काळुरामचा आशीर्वाद. अक्षर चंद्रावतीचं हाय, बोलणं माझं. तिला सांगितलंय, बोलतो तसंच लिव गो, सुधारू नको.

तू इचारलंस काम सोडल्यावर काय होतं. काय होत नाय. जेवतो, झोपतो, सुनेची आखणी बघतो. मजेत हाय.

(हे लिहून झालं आणि आबांनी ते वाचायला लावलं. मग म्हणाले, ते शेवटचं खोड. मी खोडत नाही, पुढचं लिहिते. चंद्रा.)

आता खरं सांगतो. मला दिसत नाय. डावा डोळा दोन वर्सांमागे गेला. उजव्यातनं उजेड दिसतो, सावली दिसते. समोर देव बसलाय येवढं कळतं, तो कुठं बघतोय ते नाय कळत. घरात हे कुणाला ठावं नाय.

(सगळ्यांना ठाऊक आहे. चंद्रा.)

हौसेनं ब्रश ठेवला असं मी गावभर सांगितलं. हौस कसली. मग सुनेच्या बाजूला बसायला लागलो. ती डोळा काढते आणि थांबते. ती माझ्याकडे बघतेय हे मला कळतं. तवा माझ्या छातीत कुटल्यासारखं होतं. वाईट म्हणू तर डोळा चांगला असायचा, आणि मी पकडला जायचो. म्हणून छान म्हणतो. दिवसाला पंधरा वेळा छान म्हणतो आणि पंधरा वेळा खोटं बोलतो. जेवण जात नाय त्याला कारण हेच, दातांचं मी उगाच सांगतो. भ्या येवढंच की कळलं तर म्हणतील, आता आबांना ओटीवर बसवा, कारखान्यात काय काम. मला ओटीवर नाय बसायचं. रंगाचा वास नसला तर मला दिवस उजाडल्यासारखा नाय वाटत.

गुणाजी, इथे मी पेन खाली ठेवलं. आबांनी विचारलं का थांबलीस. मी सगळं सांगून टाकलं, हाताचं, वडखळच्या मूर्तीचं, ते खांबला होते त्या तीन दिवसांचं. बोलताना रडू आलं. त्यांनी सगळं ऐकलं. आधी हसले, की दोघं शेजारी शेजारी बसून एकमेकांना घाबरत होतो. मग रागावले. मूर्ती तिरळी गेली होती आणि कुणी मला सांगितलं नाही, माझा कारखाना आहे का कुणाचा, असं म्हणत अर्धा तास बोलले. धोंडुबाई बाहेरून कान लावून होती, तिलाही दोन शब्द मिळाले. आता म्हणतात पत्र पुरं कर.

माझं नाव घे भाषणात. आता लपवायचं काय राह्यलंय.
काळुराम


रोहा,
ता. १६ ऑगस्ट १९९७

सौ. अक्कास सा. न., आबांना दोन वेळा.

भाषण झालं. पहिली पाच मिनिटं माझे पाय लटपटत होते आणि मी ते तिथेच सगळ्यांना सांगून टाकलं, की बघा, ह्याला पाहुणा ताण म्हणतात. लोक हसले आणि पाय थांबले. मग आबांची गोष्ट त्यांचं नाव घेऊन सांगितली.

सुट्टी झाल्यावर विठू माझ्यामागे सायकल स्टँडपर्यंत आला. आमच्या शिफ्टमधला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस. हळूच म्हणाला की वर्षभर त्याला गेजवरचे आकडे नीट दिसत नाहीत, कुणाला कळू नये म्हणून तो बाजूच्याला ओरडून विचारतो आणि वर त्यालाच झापतो. काल आम्ही दोघं जाऊन त्याला चष्मा करून आणला. म्हणाला, आज पहिल्यांदा बायकोच्या हातची भाकरी गोल दिसली.

तुझा हात कसा आहे ते लिहिलं नाहीस. सरू रोज पोस्टमनला विचारते. खांबच्या मूर्तीचं कळव.

लोभाचं सांगायला नको, उत्तराचं सांगतो.
तुझा,
गुणाजी


रामवाडी, पेण,
ता. १ सप्टेंबर १९९७

चि. गुणाजीस, सरूस आणि छडीवाल्या दिपिकेस अनेक आशीर्वाद.

चार दिवसांवर चतुर्थी आलीय, तरी आज लिहितेच. त्या पत्रानंतर मला वाटलं आता हात थांबलाच. तसा नाही थांबला. दोन दिवस कापत होता. मग आबा म्हणाले की ब्रश लावताना तू श्वास कोंडून धरतेस, मला ऐकू येतं, सोड तो. त्यानंतर हळूहळू कमी झालं. आता ते छान म्हणत नाहीत. मी डोळा काढला की म्हणतात, सांग काय दिसतं. मी सांगते, ते ऐकतात आणि चुका काढतात. त्यांना डॉक्टरांकडे नेलं होतं, मोतीबिंदू आहे, नवरात्रानंतर ऑपरेशन करू म्हणाले. उजव्या डोळ्याने दिसेल, डाव्याचं सांगता येत नाही. आबांनी विचारलं की ऑपरेशननंतर रंगाच्या वासाने त्रास होईल का. डॉक्टरांना प्रश्न कळला नाही.

काल खांबची मूर्ती आखली. स्टुलावर चढले तेव्हा मंडळी दारात येऊन थांबलेली, टेम्पो चालू, हे सारखे घड्याळ बघतायत. दोन्ही डोळे काढले, हात स्थिर होता, खाली उतरले आणि आबांना सांगायला लागले. पापणी किती झुकलीय, बुबुळ कुठे आहे, आत येणाऱ्या माणसाच्या कपाळावर नजर कशी पडते. त्यांनी मध्येच हात वर केला. म्हणाले, डावा डोळा सांगताना घाई केलीस, तो पूस. मी परत वर बघितलं. केसभर वर होता. गुणाजी, मला तो दिसला नव्हता, त्यांना माझ्या बोलण्यात सापडला.

मंडळीतला एक जण म्हणाला की काका, आम्हाला तर उत्तम दिसतोय, उशीर होतोय. आबांनी टेम्पो बंद करायला लावला. मी डोळा पुसला, पुन्हा काढला, आणि या वेळी सावकाश सांगितलं. आबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग उठले, चाचपत पुढे गेले, मूर्तीच्या पायाला हात लावला, आणि खांबच्या सगळ्या लोकांसमोर म्हणाले की मला दिसत नाय, हे डोळे माझ्या सुनेनं काढलेत, आता उचला.

अजून साठ मूर्ती बाकी आहेत आणि आबा पाटावरून हाका मारतायत, म्हणून इथेच थांबते. लोभ आहे तो आहेच.
तुझी,
अक्का